खळ्यावरची सोलर बॅटरी सोळा महिन्यांत का बसली?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी तुमचं शेत आहे. खळ्यावर सालदाराचं कुटुंब राहतं. गावठाणाची लाइन तिथपर्यंत येत नाही, म्हणून दिवाळीला सोलर बसवलं: १६५ वॅटचं एक पॅनेल, १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर, म्हणजे शिशाच्या नळीदार प्लेटांची बॅटरी, पॅनेलमधून बॅटरीत जाणारा चार्ज सांभाळणारा १० अँपिअरचा साधा कंट्रोलर आणि इन्व्हर्टर. त्यावर ९ वॅटचे ४ दिवे, छताचा एक साधा पंखा, छोटा टीव्ही आणि मोबाइल. पहिला हिवाळा बरा गेला. होळीनंतर पंखा सुरू झाला आणि रात्री अकरालाच इन्व्हर्टर ओरडायला लागला. सोळा महिन्यांत बॅटरी पार बसली. दुकानदार म्हणतो, "८० टक्क्यांपर्यंत खुशाल वापरा." पुतण्याने वाचलंय की ५० टक्क्यांच्या खाली जायचंच नाही. दोघांपैकी खरं कोण, आता २०० एएचची घेऊ का, की लिथियम घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

दोघेही अर्धं खरं बोलतात, आणि तुमची बॅटरी त्या दोघांच्याही कारणाने मेलेली नाही. बावीस वर्षं मी धुळे, नंदुरबार, जळगाव या तीन जिल्ह्यांत हे काम करतोय. सोलर बॅटरी रात्री किती खाली गेली यापेक्षा दुसऱ्या दिवशी पूर्ण वर आली का, हे मी आधी बघतो. तुमची बॅटरी वर आलीच नाही. हिशोब करून दाखवतो.

आधी ८० आणि ५० चा वाद. बॅटरीच्या पूर्ण क्षमतेतला किती भाग आपण काढून घेतला, त्याला डेप्थ ऑफ डिस्चार्ज म्हणतात. चांगल्या ट्युब्युलर बॅटरीच्या पत्रकात साधारण असे आकडे असतात: रोज ८० टक्के काढली तर १,५०० सायकल, ५० टक्के काढली तर ३,०००, आणि २० टक्केच काढली तर ५,०००. एक सायकल म्हणजे एकदा वापरणं आणि पुन्हा पूर्ण भरणं. सोलरवर ते रोज एकदा होतं. बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली की तिचं आयुष्य संपलं असं धरतात. त्यानंतरही ती चालते, पण घसरण लवकर होते.

आता या आकड्यांचा गुणाकार करून बघा. १,५०० वेळा ८० टक्के म्हणजे १,२०० वेळा पूर्ण बॅटरी. ३,००० वेळा ५० टक्के म्हणजे १,५०० वेळा. ५,००० वेळा २० टक्के म्हणजे १,००० वेळा. आयुष्यभरात बॅटरी जी एकूण वीज देते, ती तिन्ही ओळींत फार वेगळी नाही. मधल्या ओळीत सगळ्यात जास्त मिळते, म्हणून ५० टक्क्यांचा नियम रूढ झाला. तो चांगलाच नियम आहे. पण ५१ टक्के झाले म्हणून काही तुटत नाही, आणि २० टक्क्यांवर थांबलात म्हणून बॅटरी चौदा वर्षं चालत नाही. ५,००० सायकल म्हणजे पावणेचौदा वर्षं होतात. आपल्या उन्हात ट्युब्युलर इतकी वर्षं टिकलेली मी पाहिलेली नाही. तोवर ती वयानेच थकते. प्लेटांचा कणा गंजतो, मग ती वापरा किंवा तशीच ठेवा.

दुकानदाराचं म्हणणं घेऊन चाललो तरी रोज ८० टक्क्यांवर ती १,५०० दिवस, म्हणजे चार वर्षं चालायला हवी होती. तुमच्याकडे पाचशे दिवसही पूर्ण झाले नाहीत. म्हणजे मारणारं कारण नुसत्या खोलीपेक्षा वेगळं आहे.

तुमच्या खळ्याचा जमाखर्च मांडू. ४ दिवे, ९ वॅट, ५ तास: १८० वॅट-तास. साधा पंखा ७५ वॅट, रात्रीचे ८ तास: ६००. टीव्ही ५० वॅट, ३ तास: १५०. मोबाइल धरा ३०. झाले ९६०. हे सगळं इन्व्हर्टरमधून जातं आणि तो वाटेत साधारण पंधरा टक्के खातो, म्हणून बॅटरीतून निघाले ११३०. शिवाय काहीच चालू नसताना इन्व्हर्टर सुरू राहिला तर तो स्वतःसाठी १०-१२ वॅट घेत बसतो. दिवसाचे चौदा तास धरले तरी १६८ आणखी गेले. एकूण १३०० च्या आसपास.

बॅटरीत किती आहे? तिच्या लेबलवर १५० एएचच्या पुढे सी२० लिहिलंय का सी१०, ते बघा. सी२० म्हणजे वीस तासांत सावकाश काढली तर १५० मिळतील, सी१० म्हणजे दहा तासांत काढली तरी १५० मिळतील. इन्व्हर्टरच्या बहुतेक बॅटऱ्या सी२० असतात, सोलरच्या सी१०. सी२० वाली १५० ची बॅटरी सी१० च्या मापाने १२०-१२५ भरते. तुम्ही सांगितलेल्या किमतीवरून तुमची सी२० असणार. म्हणजे १२ व्होल्ट गुणिले १२५, साधारण १५०० वॅट-तास. त्यातून रात्री १३०० काढायचे म्हणजे ८७ टक्के. खोल आहे, पण खरा घात पुढे आहे.

१६५ वॅटच्या पॅनेलमधून बॅटरीत काय येतं? हे पॅनेल जास्तीत जास्त ९ अँपिअर देतं. साधा, म्हणजे पीडब्ल्यूएम कंट्रोलर ते ९ अँपिअर तसेच पुढे ढकलतो आणि बॅटरी असते १३ व्होल्टवर. ९ गुणिले १३ म्हणजे ११७ वॅट. पॅनेलवर १६५ लिहिलेलं असलं तरी भर उन्हात बॅटरीच्या तोंडाशी ११७ येतात. त्यात धूळ आणि तारेतली घट धरली की १६५ चे पासष्ट टक्के हाती लागतात. आपल्याकडे उन्हाळ्यात-हिवाळ्यात दिवसाला पाचेक तास पूर्ण ताकदीच्या उन्हाएवढं ऊन मिळतं. १६५ गुणिले ५ गुणिले ०.६५ म्हणजे ५३६. बॅटरी भरताना त्यातलेही पंधराएक टक्के जातात. परत वापरायला उरले साडेचारशे. श्रावणात तीनच तास धरा, तेव्हा पावणेतीनशे.

खर्च १३००, जमा ४५०. पहिल्या रात्री बॅटरी जवळजवळ रिकामी झाली, दुसऱ्या दिवशी एक तृतीयांश भरली, त्या रात्री पुन्हा तळाला. पंखा सुरू झाल्याच्या त्या आठवड्यापासून तुमची बॅटरी एकदाही पूर्ण भरलेली नाही. हिवाळ्यातही पंख्याशिवायचा खर्च पॅनेलच्या जमेला भारीच होता, म्हणून तेव्हापासूनच ती थोडी थोडी मागे पडत होती, फक्त कुणाला दिसलं नाही.

पूर्ण न भरल्याने आत काय होतं ते सांगतो, कारण हे समजलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. शिशाच्या बॅटरीतून वीज काढली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि पाण्यातलं ॲसिड पातळ होतं. चार्ज केलं की ते सल्फेट विरघळून ॲसिड पुन्हा दाट होतं. ताजं सल्फेट बारीक आणि मऊ असतं, त्याच दिवशी चार्ज मिळाला तर निघून जातं. तेच आठवडे-महिने तसंच राहिलं की त्याचे खडे मोठे आणि कठीण होतात. मग चार्ज देऊनही ते सुटत नाहीत. तेवढा भाग कायमचा मेला. यालाच सल्फेशन म्हणतात. जोडीला दाट ॲसिड जड असल्यामुळे खाली बसतं आणि वर पातळ राहतं. बॅटरी पूर्ण भरून थोडी उकळली, म्हणजे बुडबुडे आले, तरच ते ढवळलं जातं. जिला कधी उकळी मिळालीच नाही तिच्या प्लेटा खालच्या बाजूने खराब होत जातात.

यात अजून एक अडचण आहे. बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते, पण शेवटचे २० टक्के ती अगदी थेंबाथेंबाने घेते. त्याला तीन-चार तास लागतात, आणि तेवढा वेळ व्होल्टेज १४.४ ला टिकून राहावं लागतं. म्हणून दुपारी एक-दोनपर्यंत बॅटरी ८० टक्क्यांवर आली तरच संध्याकाळपर्यंत ती खरोखर भरते. छोटं पॅनेल चार वाजता ८० पर्यंत नेतं आणि ऊन उतरतं.

हे मला एका पाड्यावर नीट समजलं. धडगावच्या वर डोंगरात मी आठ घरांना एकाच दिवशी एकसारखा माल बसवला होता. एका घरी शाळेचे गुरुजी राहत. ते रात्री उशिरापर्यंत वह्या तपासायचे, शेजारची पोरं तिथेच अभ्यासाला बसायची, पंखा आणि रेडिओही सुरू. रोज निम्म्याहून जास्त बॅटरी वापरली जायची. दुसऱ्या घरी म्हातारा-म्हातारी, दोनच दिवे, तेही जेवणापुरते. मला खात्री होती की म्हाताऱ्याची बॅटरी दहा वर्षं जाईल. ती दोन वर्षांतच गेली. गुरुजींची पाच वर्षं चालली. मी पुन्हा गेलो तेव्हा दुपारभर तिथेच बसून राहिलो. एक वाजता अंगणातल्या मोहाची सावली म्हाताऱ्याच्या पॅनेलवर सरकली आणि संध्याकाळपर्यंत हटली नाही. बसवताना सकाळ होती आणि झाड उन्हाळ्याचं निष्पर्ण होतं, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. ती चूक माझी होती, आणि त्या घराला ती भोगावी लागली. तेव्हापासून पॅनेलची जागा ठरवायला मी सकाळी एकदा आणि दुपारी तीनला एकदा जातो.

तसंच दुसरं नुकसान ऊसतोडीच्या काळात होतं. नंदुरबारकडची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत कामाला जातात आणि होळी-आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला परततात. जाताना कोणी इन्व्हर्टर चालूच ठेवतं, कोणी पॅनेल चोरीला जाईल म्हणून काढून आत ठेवतं. अर्धी भरलेली बॅटरी चार-पाच महिने तशीच पडून राहते, परत आल्यावर दिवा लागत नाही. घर बंद ठेवायचं असेल तर लोड काढायचा, इन्व्हर्टर बंद करून त्याची तारही सोडायची, पण पॅनेल आणि कंट्रोलर बॅटरीला जोडलेलेच ठेवायचे. जाण्याआधी पाणी भरून जायचं. पॅनेल काढावंच लागलं तर बॅटरी पूर्ण भरून, गावातल्या एखाद्याकडे ठेवून महिन्याला एकदा चार्ज करायला सांगायचं.

आता कटऑफचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पुतण्याचा ५० टक्क्यांचा नियम पाळायचा कसा, हे फारसं कोणी सांगत नाही. बॅटरी खाली गेली की कंट्रोलर लोड तोडतो. स्वस्त कंट्रोलर ११.१ व्होल्टला तोडतात, इन्व्हर्टर तर साडेदहाच्या आसपास. मोठा लोड असला, समजा इन्व्हर्टरवर ३०-४० अँपिअर ओढताय, तर ताणामुळे व्होल्टेज लवकर पडतं आणि ११.१ ला बॅटरीत बरीच वीज शिल्लक असते. पण थेट १२ व्होल्टवर चालणारे दोन दिवे आणि पंखा मिळून ३-४ अँपिअरच घेतात. इतक्या हलक्या लोडवर ११.१ दिसायला लागलं तेव्हा बॅटरी पार कोरडी झालेली असते. कंट्रोलरने 'संरक्षण' केलं असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात त्याने फक्त विहिरीचा गाळ निघेपर्यंत वाट पाहिलेली असते. म्हणून सेटिंग बदलता येणारा कंट्रोलर घ्या. छोट्या घरगुती लोडसाठी कटऑफ ११.८ ला ठेवा आणि पुन्हा जोडणी १२.८ ला. ११.८ ला साधारण पाचवा भाग शिल्लक असतो. रोज तिथपर्यंत जायचं नाही, ती शेवटची भिंत आहे.

व्होल्टेजचे जे तक्ते मोबाइलवर फिरतात त्यांनी फसू नका. त्यात पूर्ण भरलेली बॅटरी १२.७ दाखवतात. ते दाट ॲसिडच्या, थंड देशांतल्या बॅटऱ्यांचं माप आहे. आपल्याकडच्या बहुतेक ट्युब्युलरमध्ये उष्णतेमुळे ॲसिड मुद्दाम पातळ ठेवतात, पूर्ण भरल्यावर ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ॲसिडचा दाटपणा, १.२४० च्या आसपास. ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवले की एका सेलचं व्होल्टेज येतं: २.०८, सहा सेलचे मिळून साडेबारा. म्हणजे आपली बॅटरी भरल्यावर, काही तास शांत ठेवून मोजली तर १२.५ दाखवेल, आणि तीच बरोबर आहे. १२.१ म्हणजे अर्धी. ११.९ म्हणजे तळ जवळ आला. चार्ज सुरू असताना किंवा पंखा फिरत असताना घेतलेलं रीडिंग या मापाला लावू नका. मल्टिमीटरपेक्षा ग्रॅव्हिटी मोजणारा हायड्रोमीटर बरा, तो स्वस्तात मिळतो आणि सहाही सेलचं वेगवेगळं खरं सांगतो.

उष्णतेचा विषय खान्देशात टाळता येत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ ला टेकतो आणि पत्र्याखालची खोली त्याहून तापते. बॅटरीचं कागदावरचं आयुष्य २५-२७ अंशाला मोजलेलं असतं. त्यापेक्षा दर दहा अंश वाढीला आयुष्य साधारण निम्मं होतं. वर्षभर काही ४५ नसतं, तरी चार महिन्यांची भट्टी आपला हिस्सा घेतेच. तुमच्या खळ्यावर पत्र्याची खोली असेल आणि शेजारी जुनं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर असेल, तर बॅटरी धाब्याच्या घरात ठेवा, उत्तरेच्या भिंतीला, लाकडी फळीवर. चुलीपासून आणि देवाच्या दिव्यापासून लांब, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. वरच्या बाजूला हवा जायला झरोका हवा. पेटीत कोंडू नका. कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर असेल तर तो बॅटरीला चिकटवा. गरम बॅटरीला कमी व्होल्टेजवर भरायचं असतं. दर अंशाला साधारण २४ मिलिव्होल्ट कमी, म्हणजे ४५ अंशाला १४.४ ऐवजी १३.९ पुरतात. सेन्सर नसेल तर ती उन्हाळ्यात उकळत राहते आणि पाणी झपाट्याने उतरतं.

पाण्याबद्दल दोनच गोष्टी. डिस्टिल्ड वॉटरच घाला, आरओचं नको, आणि आपल्या भागातलं बोअरचं तर अजिबात नको. ॲसिड कधीही घालू नका. ग्रॅव्हिटी कमी दिसली की काही मिस्त्री ॲसिड टाकून ती 'वाढवून' देतात. ॲसिड प्लेटांवर सल्फेट होऊन अडकलेलं असतं, वरून नवं टाकलं की आकडा सुधारतो आणि प्लेट जळते.

आता तुमच्यासाठी काय करावं. २०० एएच घेऊ नका. त्याच १६५ वॅटच्या पॅनेलवर मोठी बॅटरी म्हणजे त्याच धारेखाली आणखी मोठा हौद, तो तर कधीच भरणार नाही. पैसे आधी पंख्यात घाला. १२ व्होल्टवर, म्हणजे बॅटरीच्या डीसीवर थेट चालणारा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आत घेतो. ८ तासांचे २४० झाले, जिथे आज ६०० जातात. दिवे ७ वॅटचे डीसी घ्या: १४०. टीव्ही १२ व्होल्टवर चालणारा २५ वॅटचा मिळतो: ७५. मोबाइल २०. सगळे मिळून ४७५, आणि इन्व्हर्टर पूर्ण बाजूला. १३०० वरून ४७५. सालदाराच्या घरचं काहीही कमी न करता. त्या बाईंनी तुम्हाला सांगितलं होतं ना, "भाऊ, रातले लाइट टिकत नही"? त्यांनी कमी वापरावं असं सांगणं हा उपाय नव्हे. लहान मूल आहे तिथे मे महिन्यात पंखा रात्रभर फिरलाच पाहिजे.

मग आहे तसंच १६५ चं दुसरं पॅनेल जोडा, समांतर. ३३० वॅट, पावसाळ्याचे ३ तास, ०.६५ आणि बॅटरीची घट धरून ५४७ वॅट-तास. श्रावणातही ४७५ चा खर्च भागतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये बॅटरी दुपारीच वर आलेली असेल. हिशोब नेहमी पावसाळ्याचा करायचा. उन्हाळ्याच्या हिशोबावर बसवलेली यंत्रणा ऑगस्टमध्ये मरायला लागते आणि दिवाळीला बसते. दोन पॅनेलचे १८ अँपिअर येतील, तेव्हा १० चा कंट्रोलर जळेल. ३० अँपिअरचा घ्या. पॅनेलपासून बॅटरी दहा मीटर असेल तर ६ चौरस मिलिमीटरची तार टाका. पॅनेल दक्षिणेला तोंड करून, साधारण २१ अंश कलते, आणि कपाशी-मका काढणीच्या धुळीत दर आठवड्याला पहाटे पाण्याने धुवायचे.

बॅटरी १५० एएचचीच, पण सी१० ची सोलर ट्युब्युलर. तिच्यात १८०० वॅट-तास आहेत, तुमचा रोजचा खर्च ४७५, म्हणजे २६ टक्के. दोन दिवस ऊन पडलंच नाही तर ५३ टक्क्यांपर्यंत जाईल, तिसऱ्या दिवशी ऊन आलं की वर येईल. रोजच्या वापरात पुतण्याचा नियमही यात आपोआप पाळला जातो. पत्रकाप्रमाणे २६ टक्क्यांवर ती दहा वर्षांच्या पुढे जायला हवी. मी तुम्हाला पाच-सहा सांगेन, कारण आपला मे महिना पत्रकात नसतो. २६ चे १५ टक्के करायला आणखी मोठी बॅटरी घेणं म्हणजे जे आयुष्य ऊन खाऊन टाकणार आहे त्यासाठी पैसे मोजणं.

लिथियम. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, चांगली आहे आणि मी आता निम्म्या ठिकाणी तीच बसवतो. तिच्यात सल्फेशन नाही. अर्धवट भरलेली राहिली तर तिला त्रास होत नाही, उलट कायम १०० टक्के भरून गरम खोलीत ठेवली तर ती लवकर म्हातारी होते. ८० टक्के वापरूनही २,००० ते ४,००० सायकल मिळतात. तुमच्या ४७५ साठी १२.८ व्होल्ट १०० एएच पुरते, रोज ३७ टक्के. पण जुना कंट्रोलर तिच्यावर जसाच्या तसा लावू नका. तिला वेगळी सेटिंग लागते आणि शिशाच्या बॅटरीला देतात ती उकळी, म्हणजे इक्वलायझेशन, तिला द्यायचंच नाही. व्होल्टेज बघून किती उरली हेही तिच्यात कळत नाही, रिकामी होईपर्यंत ते जवळजवळ सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. बाजारात जुने सेल जोडून बांधलेले पॅक येतात, त्यांवर बीएमएस, म्हणजे सेलना जास्त चार्ज-डिस्चार्जपासून वाचवणारी सर्किटची पट्टी, नावापुरती असते. बिल, वॉरंटी कार्ड आणि चोपड्यात नाही तर निदान जळगावात दुरुस्ती करणारा माणूस, हे तिन्ही असेल तर घ्या. नसेल तर ट्युब्युलर घ्या, ती कुठल्याही तालुक्याच्या गावी सांभाळणारा मिळतो.

लिथियम घेतली तरी पॅनेलचं गणित सुटत नाही. १३०० खर्च आणि ४५० जमा असेल तर ती मरणार नाही, पण रात्री अकराला लाइट जाईलच.

जुन्या बॅटरीचं एक करून बघा, फेकण्याआधी. तिला गावात लाइटवर चालणाऱ्या चार्जरला दोन-तीन दिवस सलग लावा, १०-१५ अँपिअरवर, मोकळ्या हवेत, पाणी प्लेटांच्या वर असल्याची खात्री करून. हाताला सोसवणार नाही इतकी तापली तर थांबा. नंतर रात्रभर शांत ठेवून सहाही सेलची ग्रॅव्हिटी घ्या. सगळे १.२०० च्या वर आणि एकमेकांच्या जवळ आले तर तिच्यात थोडा जीव आहे, दोन दिव्यांपुरती गोठ्यात चालेल. एखादाच सेल १.१०० ला अडकला असेल तर गेली. नव्या बॅटरीला समांतर मात्र जोडू नका, जुनी नवीला ओढून खाली नेते. मोडीत देताना बॅटरीच्या दुकानातच द्या, शिशाचा भाव वजा होऊन नवी स्वस्त पडेल. भंगारवाला तिथेच ॲसिड ओतून शिसं काढून नेतो, आणि ते तुमच्या खळ्याच्या मातीत, पोरं खेळतात तिथेच राहतं.

ग्रॅव्हिटीचे सहा आकडे आणि लेबलवर सी१० आहे की सी२०, एवढं मला लिहून कळवा. सोबत दुपारी तीन वाजता पॅनेलचा एक फोटो, सावली दिसेल असा.